पाण्यातल्या दिव्यात पाणी शिरले, तर दोष कोणाचा?

अंदमानातील स्वराज द्वीपाच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने, १८ मीटर खोलीवर माझ्या हातातील दिवा विझला. आधी तो दोनदा लुकलुकला, मग मंदावला आणि नंतर काळोख. जोडीदाराचा दिवा पाच-सहा हातांवर होता, माझ्या खिशात लहानशी पर्यायी विजेरी होती. त्यामुळे घाबरून जावे असे काही घडले नाही. ठरलेल्या खुणा करून आम्ही सावकाश वर आलो. बोटीवर जपून दिव्याचे झाकण फिरवले, तेव्हा आतून चमचाभर खारे पाणी बाहेर आले. ४२ हजार रुपये मोजून घेतलेला तो दिवा होता, आणि दोन वर्षांत असा निकामी झालेला तिसरा.

ही तक्रार एका हौशी माणसाची आहे, हे मी आधीच मान्य करतो. घरचा पंखा दुरुस्त करून घेण्यासाठी ज्यांना महिन्याचा हिशेब मांडावा लागतो, त्यांच्यापुढे समुद्रतळाशी वापरायच्या दिव्याचे रडगाणे गाणे शोभत नाही. तरीही हा विषय या पानावर मांडावासा वाटतो, याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, हे दिवे केवळ हौशी लोकांच्या हाती नसतात. स्वराज द्वीप, लक्षद्वीपमधील कदमत, कर्नाटकातील नेत्राणी, पुदुच्चेरी किंवा महाराष्ट्रातील तारकर्ली येथे पर्यटकांना पाण्याखाली नेणारे प्रशिक्षक असोत वा प्रवाळांची पाहणी करणारे संशोधक, त्यांचे पोट आणि काम या उपकरणावर चालते. बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या पथकांना तर पुष्कळदा हाताचा पंजाही दिसणार नाही अशा पाण्यात उतरावे लागते. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयाच्या पूर्व जैंतिया हिल्स जिल्ह्यातील पाण्याने भरलेल्या खाणीत १५ कामगार अडकले, तेव्हा नौदलाचे पाणबुडे उतरले होते. जानेवारी २०२५ मध्ये आसामच्या दिमा हसाओ जिल्ह्यातील उमरांगसो येथेही तीच वेळ आली आणि विशाखापट्टणमहून नौदलाचे पथक बोलवावे लागले. अशा ठिकाणी दिवा ही चैनीची वस्तू राहत नाही.

दुसरे कारण अधिक व्यापक आहे. महाग, आयात केलेली आणि मोजक्याच लोकांना लागणारी वस्तू वारंवार बिघडली, तर भारतीय ग्राहकाच्या पाठीशी नेमके काय उभे असते? माझ्या तीन दिव्यांनी मला या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते फारसे आश्वासक नाही.

आधी उपकरणाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट. हा दाब अडवण्याचे काम दिव्याच्या झाकणाशी बसवलेली एक रबरी कडी करते, तिला ओ-रिंग म्हणतात. एखादा केस, वाळूचा कण किंवा वाळलेल्या मिठाचा खडा तिच्यावर राहिला की पाण्याला वाट मिळते. गंमत अशी की, बाहेरून दाब पडल्यावर ही कडी खाचेत अधिक घट्ट बसते. त्यामुळे गळती पुष्कळदा खोलवर नव्हे, तर पहिल्या एक-दोन मीटरमध्येच सुरू होते. झाकण फिरवून चालू-बंद होणाऱ्या दिव्यांत ही कडी दर वेळी घासली जाते. प्रखर एलईडी दिवे थंड राहण्यासाठी भोवतालच्या पाण्यावर अवलंबून असतात. ते बोटीवर हवेतच चालू ठेवले तर आतला विद्युतभाग जळू शकतो. म्हणजे वापरणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे दिवे बिघडतात, हे उत्पादकांचे म्हणणे खोटे नाही. माझा पहिला दिवा बहुधा माझ्याच चुकीने गेला. डुबकीनंतर तो गोड्या पाण्यात भिजत ठेवायचा असतो, ते मी एकदा नव्हे, अनेकदा टाळले होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिव्याच्या बाबतीत मात्र मी नोंदवही ठेवली. प्रत्येक डुबकीची तारीख, खोली, कडी कधी पुसली, कधी वंगण लावले, कधी बदलली, सारे लिहिले. दुसरा दिवा अकराव्या डुबकीत गेला, तिसरा नवव्या. विक्रेत्याकडे ही वही पाठवली. उत्तर दोन ओळींचे होते: आत पाणी शिरल्याचे आढळले आहे, पाणी शिरल्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही. हमीपत्र काढून पाहिले. ती अट खरोखरच होती, बारीक अक्षरांत. समोरच्याच पानावर मात्र हा दिवा १०० मीटर खोलीपर्यंत चालेल असे ठळक अक्षरांत छापलेले होते. छत्री विकायची आणि पावसात भिजल्यास आम्ही जबाबदार नाही असे सांगायचे, यातलाच हा प्रकार.

असा विरोधाभास कसा खपून जातो? एक कारण असे की, ‘१०० मीटर’ या शब्दांचा अर्थ ग्राहकाला कोणी सांगत नाही. पुष्कळ उपकरणांवर ‘आयपी ६८’ असे लिहिलेले असते. भारतानेही स्वीकारलेल्या या आंतरराष्ट्रीय मानकात शेवटच्या आठ या आकड्याचा अर्थ एवढाच, की उपकरण सतत पाण्यात बुडवून तपासले आहे. किती खोल आणि किती वेळ, हे उत्पादकाने ठरवायचे आणि सांगायचे असते. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. समुद्रात दिवा हलतो, आपटतो, खाली-वर होतो. त्याच्याशी मनगटी घड्याळाची तुलना करून पाहावी. पाणबुड्यांसाठीच्या घड्याळांचे आयएसओ ६४२५ हे मानक किमान १०० मीटरची क्षमता मागते आणि सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के अधिक दाबाखाली प्रत्येक घड्याळ तपासण्याची अट घालते. नमुन्यादाखल एखादे नव्हे, प्रत्येक. माझ्या दिव्यातील लिथियम सेलसाठी भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे, पण ती सेलच्या सुरक्षिततेपुरती. ज्या कवचात तो सेल बसतो, ते ३० मीटरवर टिकेल की नाही, हे त्या नोंदणीतून कळत नाही.

मग कायदा काय म्हणतो? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि कागदावर तो चांगला आहे. ग्राहक आता स्वतःच्या राहत्या गावच्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो; पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही; तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. सदोष वस्तूने इजा झाली आणि परदेशी उत्पादक भारतीय कायद्याच्या कक्षेत येत नसेल, तर कलम ८६ नुसार विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते. मात्र उत्पादन दायित्वाच्या या प्रकरणात ‘हानी’ या शब्दात खुद्द त्या वस्तूचे नुकसान धरलेले नाही. दिवा विझल्यामुळे मी जखमी झालो असतो, तर दार उघडे होते. नुसता दिवा गेला, तर मला तो सदोष होता हे सिद्ध करण्याच्या जुन्याच वाटेने जावे लागेल.

खरी अडचण या सिद्धतेची आहे. वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. या तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराकडून भरून घेता येते, आणि अशा प्रकरणांच्या निकालासाठी कायद्याने पाच महिन्यांची मुदत ठरवलेली आहे. पण पाण्याखालच्या दिव्याची गळती तपासायची कोणी? माझ्या वकील स्नेह्याने हा प्रश्न विचारला, तेव्हा मी निरुत्तर झालो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने यावर सोपा तोडगा काढला आहे: वस्तू हाती आल्यापासून एका वर्षाच्या आत दोष दिसला, तर तो सुरुवातीपासूनच होता असे गृहीत धरायचे, तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. आपल्या कायद्यात असे गृहीतक नाही. म्हणून ज्याच्याकडे कारखाना, आराखडे आणि चाचणीची यंत्रे आहेत तो स्वस्थ बसतो, आणि ज्याच्याकडे फक्त विझलेला दिवा आहे तो पुरावे गोळा करत फिरतो.

प्रशिक्षकांची स्थिती याहून नाजूक आहे. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याच्या ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यातून सूट आहे. एकटा शिकवणारा प्रशिक्षक कदाचित तरेल. चार माणसे कामाला ठेवून, दहा दिवे एकदम घेणारा केंद्रचालक बहुधा तरणार नाही.

दुरुस्तीचे काय? ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली गेली. २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयीचा अहवालही सादर झाला. दिशा योग्यच आहे. पण जास्त खपाच्या वस्तूंपासून सुरुवात झाल्याने कमी खपाच्या वस्तूंचा ग्राहक रांगेच्या शेवटी उभा आहे. माझ्या दिव्याच्या दोन कड्या हव्या होत्या. त्यांचे नेमके माप विक्रेत्याने सांगितले नाही. सुटे भाग विकत नाही, असे मात्र सांगितले. दिवा परदेशी पाठवावा, तर सदोष लिथियम बॅटरी विमानातून नेण्यास मनाई आहे. बॅटरी काढून उरलेला भाग पाठवता येतो आणि दुरुस्तीनंतर परत आणताना शुल्कात सवलतही मिळते. पण त्यासाठी पाठवतानाच सीमाशुल्क विभागाकडे ओळख पटवणारी कागदपत्रे करावी लागतात. एका दिव्यासाठी इतका खटाटोप कोणी करत नाही. बहुतेक जण करतात तेच मीही केले. विक्रेत्याने नव्या दिव्यावर सवलत देऊ केली, ती दुसऱ्यांदा स्वीकारली, आणि अशा रीतीने तिसऱ्या अपयशाची किंमत आगाऊ भरली.

यावर उपाय म्हणून सक्तीचे प्रमाणपत्र मागण्याचा मोह होईल. मी तो आवरतो. हा बाजार इतका लहान आहे, की प्रत्येक नमुन्याला सरकारी शिक्का सक्तीचा केला, तर चांगले परदेशी उत्पादक इकडे फिरकणार नाहीत आणि प्रवाशांच्या सामानातून आलेल्या बिनहमीच्या दिव्यांचे फावेल. त्याऐवजी चार साध्या गोष्टी करता येतील.

पहिली, खोलीचा आकडा छापणाऱ्याने तो कोणत्या चाचणीतून आला, किती वेळ, आणि प्रत्येक नग तपासला की नमुना, हेही छापावे. दुसरी, जे काम करण्यासाठी वस्तू विकली, तेच काम करताना होणारे नुकसान हमीतून वगळण्याची अट अनुचित मानली जावी. अनुचित कराराची संकल्पना २०१९ च्या कायद्यात आहेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिच्या आधारे मार्गदर्शक सूचना काढाव्यात. पहिल्या वर्षातील दोषाचे युरोपीय गृहीतकही आपल्या कायद्यात आणावे. तिसरी, चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत खोल समुद्राचा दाब निर्माण करून उपकरणे तपासण्याची सोय आहे. तिचा उपयोग अशा तक्रारींसाठी माफक दरात करू द्यावा. २०२१ मध्ये खोल सागर मोहिमेसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर करणाऱ्या देशाला एवढे जड जाऊ नये. चौथी आणि सर्वात परिणामकारक, सरकारने स्वतः खरेदी करताना फक्त कमी दराकडे पाहू नये. बचाव पथकांसाठी दिवे घेताना सुटे भाग, देशातील दुरुस्ती आणि बिघाडाची नोंद या अटी निविदेत असाव्यात. मोठा ग्राहक जी अट घालतो, तिचा लाभ पुढे लहान ग्राहकालाही मिळतो.

विक्रेते म्हणतील, याने किंमत वाढेल. वाढेलही. पण आजही ती किंमत भरली जातच आहे. ती दिव्याच्या किमतीत दिसत नाही, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिव्याच्या पावतीत दिसते. ज्यांना तिसरा दिवा घेणे परवडत नाही, ते एका दिव्याच्या भरवशावर पाण्यात उतरतात.

पाण्याखालच्या गुहांत शिरणारे अनुभवी लोक एक मुख्य आणि दोन पर्यायी, असे तीन दिवे बाळगतात. कोणतेही यंत्र कधीतरी दगा देते, हे त्यांनी गृहीत धरलेले असते. मीही आता तीन दिवे नेतो, आणि प्रत्येक डुबकीनंतर कडी पुसून वहीत नोंद करतो. ती काळजी माझी आहे आणि ती मी घेत राहीन. पण माझी वही आणि विक्रेत्याचे हमीपत्र समोरासमोर ठेवून कोण चुकले हे सांगू शकेल, अशी जागा या देशात असायला हवी. तोवर माझा तिसरा दिवा मी फेकून देणार नाही. तो कपाटात, कोरड्या डब्यात, पावतीसह ठेवलेला आहे.