धर्मगुरूंची उणीव आणि प्रापंचिकांचे कर्तव्य

संपादक महाशय यांस,


सेमिनरीत दाखल होणाऱ्या तरुणांची संख्या रोडावत असल्याने सुवार्ताप्रसार खुंटणार, असा जो निष्कर्ष गतांकातील पत्रलेखकांनी काढला आहे, तो मला मान्य नाही. लहान कुटुंबांच्या या काळात एकुलता मुलगा वेदीला अर्पण करण्यास आईबाप कचरणारच; परंतु प्रसाराचा मक्ता केवळ झगाधाऱ्यांकडे होता, हे गृहीतच इतिहासाला धरून नाही. आमच्या आगरदांड्याच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावर, कोर्लई हे गाव आहे. १७४० साली चौलचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांच्या अमलाखाली गेल्यावरही कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीने आपली श्रद्धा आणि पोर्तुगीजोद्भव बोली घरोघरी जतन केली. कोरियात तर १७८४ साली पेकिंगहून बाप्तिस्मा घेऊन परतलेल्या एका प्रापंचिकाने ख्रिस्तसभेचा पाया घातला, आणि पहिला धर्मगुरू तेथे पोहोचण्यास आणखी सुमारे दहा वर्षे लागली! मिस्सा व पापनिवेदन धर्मगुरूवाचून होत नाहीत, हे निर्विवाद. तथापि सुवार्तेचे दायित्व बाप्तिस्म्यानेच प्रत्येकाच्या माथी येते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रापंचिकांविषयीच्या आज्ञापत्रात स्पष्ट केले आहे. सबब, हळहळण्यापूर्वी पत्रलेखकांनी आपल्या धर्मग्रामात किती प्रापंचिकांना धर्मशिक्षणाचा वर्ग चालवण्याची मुभा आहे, याची चौकशी करावी.

आपला,
एक वाचक
आगरदांडा, जि. रायगड