पाकीट उलटं करून पाहा

बाळाच्या खाऊचा पत्र्याचा डबा हळूहळू मागे पडतोय. आधी पुठ्ठ्याच्या खोक्यातलं रिफिल आलं, मग झिपचं पाकीट आणि आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत तोटीचं पाऊच दिसतं. झाकण फिरवायचं आणि बाळाच्या तोंडाला लावायचं. नोकरी सांभाळून धावणाऱ्या आईला ही सोय किती मोलाची आहे, हे मी जाणते. तिला बोल लावणार नाही. माझं भांडण पाऊचशी आहे.

सहा महिन्यांनंतर आपण वरचं अन्न सुरू करतो तेव्हा बाळ खायला शिकत असतं. घास जिभेने मागे सरकवणं, हिरड्यांनी चावणं, पोट भरलं की तोंड फिरवणं, हे सगळं चमच्याने आणि स्वतःच्या बोटांनी येतं. तोटीतून गुळगुळीत लगदा चोखताना यातलं फारसं काही घडत नाही, शिवाय फळातली साखर कोवळ्या दातांवर रेंगाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2022 मध्ये सुचवलं, की अशा पाऊचवर ‘थेट चोखू देऊ नका’ हे ठळक लिहावं. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवून केलेलं रिकामं पाऊच बहुधा कचऱ्यातच जातं. पत्र्याच्या डब्यात निदान रवा तरी राहायचा.

पण मला जास्त काळजी छपाईची वाटते. आपल्याकडच्या 1992च्या कायद्याने, आणि 2003च्या दुरुस्तीने, दोन वर्षांपर्यंतच्या बालअन्नाच्या जाहिरातीला बंदी आहे. वेष्टनावर बाळाचं किंवा बाईचं चित्र चालत नाही, विक्री वाढावी म्हणून काढलेलं इतर कुठलं चित्रही चालत नाही. तरी फळांची रसरशीत चित्रं आहेतच. शिवाय दोन वर्षांपुढच्या मुलांच्या डब्याला तेच रंग, तीच अक्षरं दिली, की त्याच्या जाहिरातीतून धाकट्याचा डबाही ओळखीचा होतो. कायद्याचा हेतू इथे सरळ डावलला जातो.

एप्रिल 2024 मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने भारतात विकलं जाणारं सेरेलॅक हे बालअन्न तपासलं. प्रत्येक प्रकारात वरून घातलेली साखर निघाली, एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळपास 3 ग्रॅम. जर्मनी-ब्रिटनमध्ये मात्र सेरेलॅक बनवणाऱ्या कंपनीचंच गव्हाचं बालअन्न साखर न घालता विकलं जात होतं. आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांवर हा आकडा छापलेला होता, पण मागे, बारीक अक्षरांत. ओरड झाली, आणि पुढे कंपनीने परिष्कृत साखर नसलेले प्रकार बाजारात आणले.

आता नाचणी सत्त्वही सुबक पाकिटांत मिळू लागलंय, याचा मला आनंद आहे. तेही तपासूनच घ्या, कारण ‘साखर नाही’ म्हणणाऱ्या पाकिटात गूळ किंवा खजुराची पूड असू शकते. घटकांच्या यादीत जे जास्त असतं ते आधी लिहिलेलं असतं. साखर, गूळ किंवा माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या दोन-तीन नावांत दिसलं, तर पाकीट परत फळीवर ठेवा. आणि पाऊच आणलंच, तर ते वाटीत पिळा आणि चमच्याने भरवा.