दुसऱ्याच्या युद्धास जामीन

मोंढ्यातील कोणताही जाणता व्यापारी दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहताना रक्कम किती, मुदत किती आणि ऋणको कसा, हे विचारल्यावाचून सही करीत नाही. राज्यकर्ते मात्र लष्करी दोस्तीचा तह करताना रकमेची जागा कोरी ठेवतात, आणि पुढे ती रयतेकडून वसूल होते. ह्याचा दाखला शोधण्यास युरोपात जावे लागत नाही. आमचा परभणी जिल्हा निजामी अमलात होता, तेव्हा त्याने हा व्यवहार जवळून पाहिला आहे.

१७९५ साली खर्ड्यास मराठ्यांनी निजामाचा मोड केला, त्या प्रसंगी इंग्रजांनी त्यास साहाय्य दिले नाही. तरीही १७९८ साली निजाम अलीने त्याच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून पदरची फ्रेंच अंमलदारांची पलटणे मोडली. १८०० च्या तहाने तर इंग्रजांच्या संमतीवाचून परराज्याशी बोलणे करण्याचाही त्याचा हक्क गेला, आणि फौजेच्या खर्चापायी बल्लारी, कडप्पा हे मुलूख गेले. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी होळकरांच्या धास्तीने दुसऱ्या बाजीरावाने वसईस तसाच तह केला. त्यास केवळ पुण्याची गादी परत हवी होती. पण त्या एका सहीने शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी युद्धात ओढले गेले, आणि गादीच्या तंट्याशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता त्या निजामाच्या खर्चाने पोसलेली फौजही कर्नल स्टीव्हन्सनच्या हुकमाने त्यात राबली. २३ सप्टेंबर १८०३ ची निर्णायक लढाई झाली ती आसईस, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात. भांडण पुण्याचे, दोस्त कलकत्त्याचा आणि रणांगण आमच्या शेजारचे!

ह्याहून बोधप्रद आहे ती पैशाची हकीकत. युद्धप्रसंगी निजामाने सैन्य पुरवावे, असे १८०० च्या तहात एक कलम होते. त्याच कलमातून शांततेतही पोसावी लागणारी ‘हैदराबाद कंटिंजंट’ उभी राहिली. तिची एक छावणी हिंगोलीस होती, आणि हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. पगार भागविण्यासाठी चंदुलालाच्या कारभारात पामर कंपनीकडून व इतर सावकारांकडून जबर व्याजाने कर्जे काढली गेली, आणि शेवटी १८५३ साली चाळीस लाखांहून अधिक बाकी दाखवून इंग्रजांनी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब ताब्यात घेतले. धाराशिव व रायचूर १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड निजामाच्या अमलात पुन्हा आले नाही. असे खाते आमच्या वाचकांपैकी एखाद्याच्या वहीत निघते, तर गावाने त्याची कीव केली असती.

१९१४ साली हाच प्रकार जगाच्या मापाने घडला. २८ जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारले, आणि त्यानंतर आठवड्याभरात रशिया, जर्मनी, फ्रान्स व इंग्लंड आपापल्या तहांच्या दोरीने एकामागून एक खड्ड्यात उतरले. तुर्कस्तानने २ ऑगस्टला जर्मनीशी केलेला तह इतका गुप्त होता की, खुद्द तेथील बहुतेक मंत्र्यांस त्याची वार्ता नव्हती. तुर्कांचा सुलतान म्हणजे मुसलमानांचा खलिफा. निजामाचे त्याच्याशी वैर असण्याचे कारणच नव्हते. तरीही हैदराबादचे घोडदळ सुएझ व पॅलेस्टाईनकडे त्याच्याच फौजेविरुद्ध गेले. १९१६ साली कुतच्या वेढ्यात उपाशी राहून शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. त्या शिपायांच्या गावी सर्बियाचे नाव कोणी ऐकले होते?

एकट्या दुबळ्यास बलाढ्य गिळतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तटस्थ बेल्जियमचे १९१४ साली काय झाले, हे आम्ही विसरलो नाही. म्हणून दोस्ती नको असे आमचे म्हणणे नाही. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत तहात हल्ल्याच्या प्रसंगी तात्काळ विचारविनिमय करण्याचे बंधन होते, आपोआप युद्धात उतरण्याचे नव्हते. जामीनकीची मर्यादा अशी लिहिता येते.

परंतु ती लिहिली आहे की नाही, हे पाहणार कोण? आपल्या देशात परराष्ट्रांशी करार करण्यापूर्वी संसदेची संमती घेणे सरकारवर आजही बंधनकारक नाही. निदान लष्करी स्वरूपाचे करार तरी सहीपूर्वी संसदेपुढे यावेत, असा कायदा झाला पाहिजे. मते मागण्यास मोंढ्यात येणारे उमेदवार रस्ते, पाणी आणि कापसाचा भाव ह्यांवर पुष्कळ बोलतात. त्यांस व्यापारी मंडळींनी ह्या एका कलमाविषयीही छेडावे.