निकालातली तिसरी गोष्ट : खर्च

रिसोडहून वाशीमकडे किंवा सेनगावकडे जाताना अपघात झाला आणि घरातला कमावता माणूस गेला, की दफनानंतर थोड्याच दिवसांत कागदांची धावपळ सुरू होते. बेवा इद्दतीत असते, म्हणून कागद दीर किंवा भाऊ सांभाळतात. वाशीमच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निकाल आला की सगळे विचारतात, "रक्कम किती?" पण निकालात तीन गोष्टी पाहायच्या असतात : भरपाई, व्याज आणि खर्च. तिसरीकडे सहसा कोणी पाहत नाही.

विमा कंपनी फक्त भरपाई देते, दाव्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १५० (पूर्वीचे १४९) सांगते की, वाहनमालकाविरुद्ध निकाल झाला तर विमा कंपनीने भरपाईसोबत मंजूर झालेला खर्चही द्यायचा.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. अपघाताच्या दिवशी वाहनाचा थर्ड पार्टी विमा चालू असावा. दाव्याची नोटीस न्यायाधिकरणामार्फत कंपनीला मिळालेली असावी. आणि निकालात खर्चाचा आदेश असावा. खर्च द्यायचा की नाही आणि किती, हे न्यायाधिकरण ठरवते. म्हणून अर्जातच भरपाई "व्याज व खर्चासह" मागावी. कोर्ट फी, नकला, साक्षीदाराचा भत्ता यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पिशवीत ठेवाव्यात. मात्र वकिलांना दिलेली सगळी फी परत मिळेल, असे धरून चालू नये.

फीबद्दल आणखी एक. भरपाईतला ठराविक हिस्सा फी म्हणून ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ती रक्कम यतीम मुलांच्या तोंडचा घास आहे. फी आधीच ठरवावी आणि पावती घ्यावी. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

लोकअदालतीत तडजोड केली तर पैसे लवकर मिळतात आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नाही. ठरलेल्या रकमेत खर्च धरला आहे का, हे सहीआधी विचारावे. सही बेवेची असते, तेव्हा तो कागद तिला वाचून, समजावून सांगणे घरच्यांचे काम आहे.

काही घरांत व्याजाच्या रकमेबद्दल मनात शंका असते. तो मसला आपल्या आलिमांना विचारावा. खर्चाचे तसे नाही. तो आपल्याच खिशातून गेलेला पैसा परत येणे आहे.

आणि ज्यांच्या दारात ऑटो, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल उभी आहे, त्यांनी आजच विम्याची तारीख पाहावी. विमा संपलेला असेल तर भरपाई, व्याज आणि समोरच्याचा खर्च, तिन्ही मालकाच्याच डोक्यावर येतात. चालकाकडे लायसन्स नसेल तर कंपनी आधी पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. समोरच्याचे नुकसान भरून देणे हा हुकूकुल इबादचा मामला आहे. तो निभावण्याची तयारी अपघाताआधीच करावी लागते.