निवृत्तांच्या वसाहती आणि काळजीचा करार

निवृत्तांच्या वसाहतीत सदनिका घेणारी व्यक्ती एकाच व्यवहारात दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकत घेत असते. पहिली गोष्ट म्हणजे घर, जे ताबा मिळताच डोळ्यांना दिसते, मोजता येते आणि विकताही येते. दुसरी गोष्ट म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी हातपाय चालेनासे झाले की त्याच आवारात आंघोळ घालणारे, भरवणारे आणि रात्री हाकेला उठणारे माणूस मिळेल, हे आश्वासन. महाराष्ट्रात घराचे नियमन आता बऱ्यापैकी तपशिलाने झाले आहे. आश्वासन मात्र अजूनही माहितीपत्रकातील शब्दांवर आणि चालकाच्या सद्भावनेवर सोडलेले आहे, आणि माणसाची भांडण्याची ताकद सर्वांत कमी असते त्याच वयात त्याची कसोटी लागत असल्यामुळे ही उणीव किरकोळ मानता येत नाही.

अशी वसाहत म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमांची कल्पना आहे, आणि तिचा रोख ज्यांच्याकडे काहीच नाही अशांवर आहे. पुण्यातील 'अथश्री', लवासातील 'उत्सव', नेरळची डिग्निटी फाउंडेशनची वसाहत किंवा कोइमतूरच्या परिसरातील असे अनेक प्रकल्प हा वेगळा वर्ग आहे. तेथे राहणारे स्वतःच्या पैशाने, बहुधा स्वतःच्या निर्णयाने येतात आणि भोजनगृह, वाचनालय, बाग, दवाखाना यांसाठी दरमहा शुल्क भरतात. मुलांनी आईवडिलांना टाकले म्हणून या वसाहती वाढल्या, हा मराठी चर्चेत वारंवार येणारा सूर या रहिवाशांवर अन्याय करणारा आहे, कारण त्यांतील अनेकांनी मुलांवर भार होऊ नये आणि मुलांनी आपल्यासाठी नोकरी सोडून परत येऊ नये म्हणून हा मार्ग विचारपूर्वक निवडलेला असतो.

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना आदर्श मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, हे स्वागतार्हच आहे. चाकांची खुर्ची जाईल अशी किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, उद्वाहन, न घसरणाऱ्या फरशा, स्नानगृहात आधाराचे दांडे, स्वयंपाकघरात वायुगळतीची सूचना देणारे यंत्र या बाबी त्यांत आहेत आणि विक्रीकरारातही त्यांचा समावेश अपेक्षित आहे. तथापि या सर्व तरतुदी वास्तूविषयी आहेत. मूळ २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार अत्यावश्यक सेवा पुरवण्याची विकासकाची जबाबदारी रहिवाशांची संस्था कारभार हाती घेईपर्यंतच असते, आणि सामान्य सदनिकाधारकाला ही कालमर्यादा पुरेशी वाटली तरी पासष्टाव्या वर्षी राहायला आलेल्या माणसाला खरी काळजी लागू लागते ती बहुतेकदा या मर्यादेनंतरच.

काळजी म्हणजे नेमके काय, याची व्याख्या उपलब्ध नाही असेही नाही. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दैनंदिन जीवनक्रियांचा निर्देशांक मांडला. आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून खुर्चीत जाणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे या सहा क्रियांपैकी किती क्रिया माणूस कोणाच्या मदतीशिवाय करू शकतो, यावरून त्याचे परावलंबन त्यात मोजले जाते. जगभरातील अशा वसाहतींत स्वावलंबी निवास, साहाय्यित निवास, चोवीस तासांची शुश्रूषा आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी स्वतंत्र विभाग अशा पायऱ्या आढळतात, आणि त्या ठरवताना असेच मोजमाप उपयोगी पडते. आपल्याकडे मात्र 'वैद्यकीय सुविधा उपलब्ध' एवढ्या शब्दांत रुग्णवाहिका, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आणि पूर्ण शुश्रूषा या तिन्हींचा समावेश होऊ शकतो. रहिवासी कोणत्या पायरीवर आहे हे चालक ठरवणार, कुटुंब ठरवणार की त्रयस्थ वैद्य. पायरी बदलल्यावर त्याला स्वतःच्या सदनिकेतून हलवता येईल काय. शुश्रूषा विभागात खाट रिकामी नसेल तर काय. आणि सर्वांत अवघड म्हणजे जोडप्यापैकी एकाला स्मृतिभ्रंश झाला आणि दुसरा धडधाकट असला, तर दोन ठिकाणचे दोन खर्च एकाच निवृत्तिवेतनातून भागवायचे काय, हे प्रश्न करारात उत्तरासह लिहिलेले असले पाहिजेत. ते लिहिलेले नसतात तेव्हा कुटुंब अखेर मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडे वळते आणि बारा किंवा चोवीस तासांची बाई स्वतःच्या खर्चाने ठेवते. म्हणजे ज्या सोयीसाठी वसाहत निवडली, तीच सोय बाहेरून पुन्हा विकत घ्यावी लागते.

खर्चाचा हिशेबही याच दृष्टीने तपासला पाहिजे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख रुपये ठेवणाऱ्याला ८.२ टक्के दराने दरमहा सरासरी २०,५०० रुपये पडतात आणि हा आकडा मुदत संपेपर्यंत हलत नाही. वसाहतीचे शुल्क मात्र दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढले तर साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते, आणि नेमक्या त्याच काळात शुश्रूषेचा जादा खर्च सुरू होतो. या कोंडीवर इंग्लंडमध्ये एक विचारपूर्वक उत्तर शोधले गेले. यॉर्कजवळ न्यू इअर्सविक येथे जोसेफ राउनट्री यांच्या नावाच्या न्यासाने १९९८ मध्ये हार्ट्रिग ओक्स ही वसाहत सुरू केली आणि तेथे जोखीम सर्वांनी मिळून वाटून घेण्याचा पर्याय ठेवला. या पर्यायात रहिवासी प्रकृती बरी असताना प्रवेश करतात, सर्वांकडून वार्षिक शुल्क घेतले जाते आणि पुढे एखाद्याला शुश्रूषा लागली तरी केवळ त्या कारणाने त्याचे शुल्क वाढत नाही. ज्याला ती कधीच लागत नाही त्याच्या पैशातून ज्याला लागते त्याची सोय होते. हा विम्याचाच प्रकार असून त्यासाठी विमागणिताचे ज्ञान आणि कित्येक दशके राखून ठेवलेला निधी लागतो, त्यामुळे ते काम विकासकाचे नसून न्यासाचे किंवा सहकारी संस्थेचे आहे. सहकाराची एवढी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हा प्रयोग गांभीर्याने व्हायला हवा.

कायद्याच्या बाजूने न्यूझीलंडचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथील २००३ च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक वसाहतीची नोंदणी आवश्यक आहे, रहिवाशांच्या हितरक्षणासाठी सामान्यतः चालकापासून स्वतंत्र असा वैधानिक पर्यवेक्षक नेमावा लागतो, स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय करारावर सही करता येत नाही आणि सहीनंतरही कामकाजाच्या १५ दिवसांत करार मागे घेता येतो. ही व्यवस्था निर्दोष नाही. तेथे रहिवाशाला बहुधा मालकी न मिळता केवळ राहण्याचा हक्क मिळतो, निघताना भरलेल्या रकमेतून साधारण २० ते ३० टक्के कापले जातात आणि उरलेली रक्कम पुढचा रहिवासी मिळेपर्यंत अडकून राहू शकते. याच तक्रारींमुळे २०२३ मध्ये सरकारला कायद्याच्या फेरविचारासाठी लोकांची मते मागवावी लागली. तरीही कशाविरुद्ध तक्रार करायची आणि कोणाकडे करायची, हे तेथील वृद्धाला माहीत असते.

महाराष्ट्रातील मालकी हक्काच्या पद्धतीत पैसे अडकण्याची ही अडचण कमी आहे, पण तिची जागा दुसरी अडचण घेते. रहिवाशाच्या मृत्यूनंतर सदनिका वारसाकडे जाते, तो पुष्कळदा परदेशात असतो आणि घर बंद राहते. संस्थेची वर्गणी येत राहिली तरी भोजनगृह आणि शुश्रूषा विभागाचे शुल्क थांबते, तर रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार मात्र तेवढाच राहतो आणि तो उरलेल्यांवर विभागला जातो. वसाहत जुनी होत जाते तशी ही विभागणी जड होत जाते. खाजगी काळजीगृहे आणि घरपोच शुश्रूषा यांची नोंदणी व किमान दर्जा ठरवू पाहणारे, २००७ च्या कायद्याचे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही संपुष्टात आले. ते पुन्हा येईपर्यंत राज्याला थांबण्याचे कारण नाही; विक्रीकराराला काळजीचे स्वतंत्र परिशिष्ट सक्तीचे करणे, त्यात पायऱ्या, मोजमाप, शुल्कवाढीची मर्यादा, बंद सदनिकांची वर्गणी आणि चालक बदलल्यास होणारी व्यवस्था लिहून घेणे, आणि संस्थेकडे कारभार सोपवतानाच शुश्रूषेचा निधी वेगळ्या खात्यात सोपवणे, एवढे काम २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांना जोड देऊन करता येण्यासारखे आहे.