पोटमाळ्याचा भार

घरांतील माणसें वाढतात, त्यांचें सामान त्याहून झपाट्यानें वाढतें. घर मात्र बांधलें तेवढेंच राहतें. मग कोणाची तरी दृष्टि वर जाते आणि छताखालची मोकळी जागा डोळ्यांत भरते. "येथें एक पोटमाळा काढला तर?" हा प्रश्न एकत्र कुटुंबांत आज ना उद्यां निघतोच. आमच्या घरीं तो यंदा निघाला. त्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें तें वाचकांच्या उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून या महिन्याचें सदर त्यालाच दिलें आहे.

आमचें मूर्तिजापूरचें घर जुन्या पद्धतीचें. मागल्या अंगास एक खोली आहे. वडिलांच्या काळीं हंगामाचा कापूस तींत भरीत, म्हणून ती चोवीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि चांगली सोळा फूट उंच. भिंती दोन फूट जाडीच्या, पण मातीच्या. कापूस केव्हांच गेला. त्याच्या जागीं आमच्या ग्रंथांचीं सात कपाटें आलीं. नात यंदा बारावीच्या वर्गांत गेली, तिला अभ्यासास स्वतंत्र जागा हवी. तेव्हां पोटमाळा काढून ग्रंथ वर न्यावे आणि खालची खोली नातीस द्यावी, अशी योजना आम्हींच मांडली. नेहमींच्या मिस्त्रीनें ती तत्काळ उचलून धरली. "गुरुजी, कायले इंजिनेर पाह्यजे? दोन गर्डर भितीत घातले का झालं काम!" आम्हांसही तें पटलें होतें.

चिरंजीवांनीं मात्र हट्ट धरला, आणि अकोल्याहून इमारतींच्या भाराचें गणित करणाऱ्या एक तरुण इंजिनीयर बाई आल्या. त्या मापें घेतील अशी आमची अपेक्षा. त्यांनीं प्रथम विचारलें, "काका, वर काय ठेवणार?" आम्ही म्हणालों, "पुस्तकें." त्यावर त्या थोडा वेळ कांहींच बोलल्या नाहींत.

कारण असें कीं, राहत्या खोलीच्या जमिनीवर माणसें व सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो भार येईल, असें भारतीय मानकांत धरलेलें आहे. ग्रंथालयांतील कपाटांच्या दालनाला तोच आंकडा सुमारें ६०० किलो आहे. आमचा पोटमाळा पंधरा फूट बाय आठ फूट, म्हणजे अदमासें ११ चौरस मीटरांचा. माणसांसाठीं बांधला तर २२ क्विंटलांची तयारी, ग्रंथांसाठीं बांधला तर ६६ क्विंटलांची! कापसाच्या पेठेंत जन्म गेलेल्या माणसास हे आंकडे फोड करून सांगावे लागत नाहींत. तरीही मन मानीना, म्हणून आम्हीं एका फळीवरचे ग्रंथ किराण्याच्या दुकानीं तोलून आणिले. तीन फुटांच्या एका फळीचे ३० किलो भरले. कपाटास सहा फळ्या, म्हणजे १८० किलो. आणि तें कपाट उभें राहतें अवघ्या तीन चौरस फुटांवर. ज्ञान जड असतें हें आम्ही मुलांना चाळीस वर्षें सांगत आलों. तें इतकें जड असेल याची कल्पना नव्हती.

बाईंचा दुसरा प्रश्न याहून मार्मिक होता : "हा भार जमिनीपर्यंत कोणत्या वाटेनें जाणार?" वर ठेवलेली प्रत्येक वस्तु शेवटीं भूमीवरच उभी असते, मधली वाट पक्की आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. मातीची भिंत स्वतःचा व छपराचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाहते, कारण तो तिच्या सबंध लांबीवर पसरलेला असतो. तींत भोंक पाडून गर्डर खुपसला कीं सारा भार वीतभर जागेंत एकवटतो. भिंत तेथें दबते, फुगते आणि ओल आली तर ढांसळते. जाड भिंत म्हणजे बळकट भिंत, हा आपला जुना समज. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत सुमारें आठ हजार माणसें दगावलीं, तीं बहुतांशीं मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आणि मातीच्या जड छपरांच्या घरांतच. तें आठवल्यावर मिस्त्रीचे दोन गर्डर आमच्या मनांतून उतरले.

भिंत नको, तर स्वतंत्र खांब. पण खांबांनाही पाय टेंकावयास जागा हवी, आणि आमची वऱ्हाडची काळी माती ही मोठी लहरी. पावसांत पाणी पिऊन ती फुगते, वैशाखांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जड इमारत खचेल ही भीति सर्वांस असते. परंतु काळी माती फुगतांना हलका खांब वर उचलूं शकते, हें आम्हीं प्रथमच ऐकलें. म्हणून खोलींत खड्डा खणून पाहिला. सहा फुटांवर पिवळसर घट्ट थर लागला आणि पाया तेथवर नेण्याचें ठरलें. माती याहून खोल असेल तेथें तळाशीं कंदासारखा फुगीर भाग असलेले खांब जमिनींत उतरवितात. ही पद्धति रुडकीच्या इमारत-संशोधन संस्थेनें आपल्या देशांत रूढ केली. खड्डा पाहतांना आम्हांस वराहमिहिराची आठवण झाली. सहाव्या शतकांतील बृहत्संहितेंत भूमिपरीक्षा सांगितली आहे, ती अशी : हातभर खड्डा खणावा, तीच माती पुन्हा त्यांत भरावी, उरली तर भूमि उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. आजचें शास्त्र पुष्कळ पुढें गेलें आहे. परंतु बांधण्यापूर्वीं खणून पाहावें, हा त्याचा आरंभ तोच आहे.

खांब किती, यावर घरांत वाद झाला. चार कोपऱ्यांस चार पुरेत, मध्यें खांब आला कीं खोलीची शोभा जाते, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें. बाईंनीं हिशेब दाखविला. तुळई तीच, दर फुटाचा भार तोच, पण आधारांतील अंतर दुप्पट झालें, तर तिचा बांक दुप्पट नव्हे, सोळापट होतो. उलट मधोमध टेंका दिला तर तो सोळांशावर येतो. शोभेचा मुद्दा तेथेंच मिटला. सहा खांब ठरले.

मग उंची. राष्ट्रीय इमारत संहितेंत पोटमाळ्याची उंची किमान २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट सांगितली आहे. खालींही तितकीच ठेवली, तेव्हां सोळा फुटांतून तुळया व फळ्या यांसाठीं दीड फूट उरला. आमच्या इकडील उन्हाळ्यांत तापलेली हवा वर जाऊन सांचते, म्हणून छतालगत समोरासमोर दोन झरोके योजिले. आणि जिना! त्यास पंधरा पायऱ्या व साडेअकरा फूट लांबी लागते, हें आम्हीं मुळींच धरलें नव्हतें.

पंधरा पायऱ्या ऐकून आम्ही गप्प झालों. बाईंनीं हळूच विचारलें, "काका, आणखी दहा वर्षांनीं एखादा श्लोक पाहावयाचा झाला, तर वर कोण चढणार?" तोंच सूनबाई आंतून म्हणाल्या, "मामंजी, माळ्यावर गेलेलें सामान पुन्हा खालीं येत नाहीं." त्या सहज बोलल्या, पण शब्द वर्मीं लागले. वडिलांच्या हातच्या पोथ्या आणि आमचे ग्रंथ वर नेऊन आम्ही त्यांची सोय करीत आहों, असें आम्हांस वाटत होतें. वस्तुतः आम्ही आपल्या हातांनीं त्यांना अडगळींत टाकीत होतों, आणि वर त्यास योजना म्हणत होतों.

नकाशा उलटा झाला. नात वर, ग्रंथ खालीं. सात कपाटांपैकीं दोन शालेय पुस्तकांचीं होतीं, तीं शाळेच्या वाचनालयास दिलीं. उरलेलीं पांच भूमीवर उभीं राहतील. तेथें त्यांच्या भाराची वाट सर्वांत आंखूड आहे आणि आमच्या हाताचीही. ६६ क्विंटलांचे २२ झाले, लोखंड वांचलें; इंजिनीयर बाईंचें शुल्क त्यांतच निघालें म्हटलें तरी चालेल. नकाशा नगरपरिषदेकडे गेला आहे; परवानगी आली कीं काम सुरू होईल.

ज्यांच्या घरीं असा बेत चालला असेल त्यांनीं वर काय ठेवणार हें आधीं निश्चित करून लिहून द्यावें. भिंत कशाची आहे आणि तिच्याखालीं काय आहे हें उकरून पाहावें. जिन्याची जागा प्रथम आंखावी, कठडा किमान एक मीटर उंच ठेवावा. आणि आज अभ्यासासाठीं बांधलेल्या माळ्यावर उद्यां धान्याचीं पोतीं चढवूं नयेत. गणित ज्या भाराचें केलें, तेवढाच तो वाहील.

असो. वर नातीची पुस्तकें थोडीं असतील. हल्लींच्या मुलांचा बराचसा अभ्यास एका काळ्या पाटीएवढ्या यंत्रांत मावतो. अर्थ अडला म्हणजे मात्र ती पंधरा पायऱ्या उतरून खालीं येईल, अशी आमची आशा आहे. तिचे पाय तरुण आहेत.