लक्तरें कोणाचीं, वेस कोणाची?

घरचीं लक्तरें वेशीवर टांगूं नयेत, ही म्हण आपल्याकडे सर्वांस पाठ आहे. ती कोण कोणाला ऐकवितो, इकडे मात्र लक्ष दिलें पाहिजे. सुनेला मारहाण करणारा सासरा तिच्या माहेरच्यांस हीच म्हण ऐकवितो. अस्पृश्यांस विहिरीवर पाणी भरूं न देणारे गांवकरी चौकशी आली म्हणजे हीच म्हण पुढें करितात. आणि प्रजेच्या तोंडाला कुलूप घालणारें सरकारहि तिचाच आधार घेतें. येथें बंद केलेला माहितीपट कोणी परदेशांतील आपल्या लोकांपुढें दाखविला, कीं "देशाची बदनामी झाली" अशी ओरड होते ती यांतलीच. या ओरडीचा विचार करण्यासाठीं एक जुनें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

१९७४ सालीं बिहारांत विद्यार्थ्यांनीं महागाई व भ्रष्टाचार यांविरुद्ध चळवळ उभारली. जयप्रकाश नारायण यांनीं तिचें पुढारीपण पत्करिलें आणि ५ जून रोजीं पाटण्याच्या गांधी मैदानावर संपूर्ण क्रांतीची हांक दिली. ४ नोव्हेंबर रोजीं पाटण्यांत निघालेल्या मोर्चावर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. वृद्ध जयप्रकाशजीहि त्यांतून सुटले नाहींत. मुंबईच्या आनंद पटवर्धन या तरुणानें तुटपुंज्या साधनांनिशीं ही चळवळ पटावर घेतली. 'वेव्हज् ऑफ रेव्होल्यूशन', म्हणजे क्रांतीच्या लाटा, हा तो माहितीपट.

पुढें २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारली गेली. जयप्रकाशजी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. अशा राज्यांत हा माहितीपट उघडपणें दाखविणें अशक्य झालें. तेव्हां त्याची एक प्रत तुकडे करून गुपचूप देशाबाहेर नेण्यांत आली. तिकडे ते तुकडे पुन्हां जोडले गेले आणि उत्तर अमेरिकेंतील भारतीयांनीं तो पाहिला. पटवर्धन त्या सुमारास कॅनडांत माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठांत शिकत होते.

यांत देशाचा काय अपराध झाला? तुरुंगांत पडलेल्यांची बाजू तुरुंगाबाहेरच्यांनीं नाहीं मांडावयाची तर कोणीं? घरच्या पत्रांतून खुशाली कळते, राज्यकारभार कळत नाहीं. आणि वृत्तपत्रांत सेन्सॉरनें ठेवलें तेवढेंच उरतें. मग दूर राहणाऱ्यानें खरें जाणावें कसें? पुन्हां सरकारचा न्याय पाहा. परदेशांतील भारतीयांनीं घरीं पैसा पाठवावा, येथें भांडवल घालावें, म्हणून सरकार त्यांस हांका मारतें. मंत्री तिकडे जाऊन हारतुरे घेतात. स्तुति करावयास ते घरचे, आणि गाऱ्हाणें ऐकावयास परके! हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

ही खोड एकाच पक्षाची आहे असेंहि कोणीं समजूं नये. इंग्रजांनीं १८७६ सालीं नाटकांसाठीं आणि १८७८ सालीं देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठीं कायद्याचे लगाम केले. १९७५ सालीं राज्य काँग्रेसचें होतें. २०२३ च्या जानेवारींत, भारतीय जनता पक्षाच्या राज्यांत, गुजरातच्या २००२ मधील दंगलींविषयींच्या बी.बी.सी.च्या माहितीपटाचे दुवे इंटरनेटवरून काढावयास लावण्यांत आले. पगडी बदलली, डोकें तेंच.

परदेशांतील श्रमिकांनीं घरची बंदी मोडण्याची रीतहि नवी नाहीं. १९१३ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत 'गदर' हें पत्र निघालें. लाकडाच्या वखारींत व शेतांवर राबणारे पंजाबी हे त्याचे वाचक. आपल्याकडचे पांडुरंग खानखोजे त्याच चळवळींतले. इंग्रजांनीं हिंदुस्थानांत त्या पत्राला बंदी केली. तें वाचणाऱ्यांस आज कोणी देशद्रोही म्हणेल काय?

येथवर आमचें म्हणणें परदेशस्थ बांधवांस गोड लागेल. पुढचें कडू आहे. सात समुद्रांपलीकडे बसून घरच्या जुलुमाचीं चित्रें पाहणें व हळहळणें सोपें आहे. तेथें लाठी पडत नाहीं. खरी परीक्षा स्वतःच्या अंगणांत होते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत फळें व भाजीपाला तोडणाऱ्या मजुरांत पंजाबी स्त्रीपुरुषांचा भरणा होता. त्यांस इतर कामगारांइतकें कायद्याचें संरक्षण नव्हतें, आणि त्यांच्या मजुरींतून आपला वांटा काढून घेणारे मुकादम पुष्कळदां त्यांच्याच समाजाचे असत. म्हणजे येथील सावकारी तिकडेहि बोटीबरोबर पोंचली होती! या मजुरांनीं १९८० सालीं कॅनेडियन फार्मवर्कर्स युनियन स्थापिली. पटवर्धन व जिम मन्रो यांनीं त्या लढ्यावर 'ए टाइम टु राइज' हा माहितीपट १९८१ सालीं केला. बिहारची लाठी दाखविणाऱ्यानें कॅनडांतील मजुराची पिळवणूकहि दाखविली, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

आज हाच प्रश्न जातीच्या रूपानें पुढें आला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें अमेरिकेंतील सिअॅटल शहरानें जातिभेदास कायद्यानें मनाई केली. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत तसें विधेयक विधिमंडळानें मंजूर केलें. तेथील गव्हर्नरानें तें अडविलें. दोन्ही ठिकाणीं विरोध करणाऱ्यांत आपलेच सुखवस्तु लोक होते, आणि त्यांचीहि तक्रार अशी कीं यानें आमच्या समाजाची बदनामी होते. सरकारची ओरड आणि यांची ओरड यांत फरक तो काय?

म्हणून परदेशांतील बांधवांस आमचें सांगणें इतकेंच: बंद केलेला माहितीपट अवश्य दाखवा. भिऊं नका. पण तो संपल्यावर दिवे लागतील तेव्हां शेजारच्या खुर्चीकडेहि पाहा. तुमच्या शेतावरचा मजूर, तुमच्या कचेरींतला दलित सोबती तेथें बसला आहे काय? नसेल, तर त्याला बोलवा आणि त्याचें गाऱ्हाणें ऐका. तें ऐकण्याचें धैर्य ज्यांस आहे, त्यांनाच सरकारला जाब विचारण्याचा अधिकार शोभतो.